साडेतीन मिलिमीटर

धाकटीनं थोरलीच्या सुरीखालची कातडी चिमटीनं उचलली, कॅलिपरच्या दोन दातांत धरली, चष्मा कपाळावर सारला आणि टेबलावरच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साडेतीन मिलिमीटर." मग दुसरी कातडी उचलली. "साडेतीन." मग तिसरी. "पुन्हा साडेतीन! ताई, तुमच्या हाताची कमाल आहे हं." झालं एवढंच. थोरलीची सुरी थांबली नाही, पुढचा मासा तिनं तसाच ओढून घेतला. छत्तीस वर्षं या टेबलाशी उभं राहून पायांच्या शिरा सुजल्या, बोटांची नखं मऊ पडून गेली, दोन बायका म्हाताऱ्या होऊन मेल्या, आणि या सगळ्याचं उत्तर काय, तर साडेतीन. आणि वर ते 'तुमच्या'. जिचं शेंबडं नाक आपल्या बाहीनं पुसलं ती पोरगी चारचौघांत आपल्याला 'तुम्ही' म्हणते, आणि लोकांना वाटतं, वा, थोरल्या बहिणीचा काय मान ठेवते! मान कसला डोंबलाचा. 'तू' म्हटलं तर भांडता येतं. 'तुम्ही' म्हटलं की नुसती मान डोलवावी लागते. थोरलीनं मान डोलवली.

मासा तरी कसला, तर हजार मीटर खालच्या काळोखातला. टेबलावर त्याला सगळ्या 'म्हातारी' म्हणत. डोकं हाडाच्या कंगोऱ्यांचं, डोळे बटाट्याएवढे, अंग विटकरी लाल. बोटीवरचे लोक सांगत की ही शंभरी गाठते, तुमच्या आजीच्या आजीला पाळण्यात घातलं तेव्हाची आहे ही. थोरलीला या गोष्टीचं कधी कौतुक वाटलं नाही. शंभर वर्षं जगून शेवटी टेबलावरच यायचं होतं ना, मग मिरवता कशाला? मांस मात्र पांढरंशुभ्र, गोडसर, लोण्यासारखं. मोठमोठ्या हॉटेलांत जायचं. खोट फक्त एक. कातडी आणि मांस यांच्यामध्ये चरबीचा एक थर असतो, आणि ती चरबी नसतेच मुळी, मेण असतं. माणसाच्या पोटाला ते पचत नाही. पोटात दुखत नाही, मुरडा येत नाही, काही कळतच नाही. नारिंगी तेल होऊन ते आपलं आपण खाली उतरतं, आणि माणसाला कळतं ते खुर्चीवरून उठल्यावर, मागच्यांचे चेहरे बघून. म्हणून कातडी खोल काढायची. फार खोल गेलात तर मांस वाया म्हणून मालक बोंबलतो, वर राहिलात तर खाणाऱ्याची अब्रू जाते. मेणाचा वरचा भाग तपकिरी असतो, तो आंधळ्यालाही दिसेल. पण शेवटचा अर्धा मिलिमीटर मांसासारखाच पांढरा. तो डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला कळतो. म्हणून थोरलीच्या उजव्या हातमोज्याचा अंगठा कापलेला असायचा. बर्फाच्या पाण्यात तो उघडा अंगठा वर्षानुवर्षं बुडून बुडून इतका फुगला होता की बाकीच्या हाताचा तो पाहुणा वाटे. पण कापलेल्या मांसावरून एकदा फिरवला की तो सांगायचा, आहे की नाही.

आता तिथं मशीन आलं होतं. खोक्यातून निघालं तेव्हा टेबलावरच्या सहाही बायका हात पुसत बघायला गेल्या होत्या. एक खरखरीत रूळ, त्याच्यासमोर आडवं पातं, बाजूला घड्याळासारखी तबकडी. मासा इकडून घाला, तिकडून मांस वेगळं, कातडी वेगळी. मशीन चाचणीत पास झालं तर टेबल मोडणार, सहातल्या दोघी मशीनला मासे भरवायला राहणार, बाकीच्या घरी. नापास झालं तर ज्या खोक्यातून आलं त्यात परत. हे मॅनेजरनं सांगितलं नव्हतं, पण कळायला काय वेळ लागतो? आणि मशीन आणवलं कुणी, तर धाकटीनं. शिकून, दोन-तीन कारखान्यांचं पाणी पिऊन, पांढरी टोपी घालून ती दोन वर्षांपूर्वी इथं क्वालिटीची मॅडम होऊन आली होती. थोरलीच्या शेजारी जी बाई उभी राहायची, जिचा आवाज शीतघराच्या दारापर्यंत पोचायचा म्हणून जिला सगळे भोंगा म्हणत, ती त्या दिवशी म्हणाली होती, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. तुझीच ना गं बहीण?" थोरली म्हणाली होती, "बहीण घरी. इथं मॅडम." भोंगा म्हणाली, "घरी तरी येते का?" त्यावर थोरलीनं सुरीला धार लावायला घेतली. गरज नव्हती, सुरी सकाळीच लावलेली होती.

पण गंमत बघा. तीन दिवस मिस्त्री आणि धाकटी त्या तबकडीवर साडेतीन लावून मासे घालत राहिले आणि तीनही दिवस मांस धड निघेना. कधी अर्धा मासा कातडीबरोबर जाई, कधी तपकिरी पट्टा तसाच मागे राही. थोरली लांबून बघत होती आणि तिला आतून असं गार गार वाटत होतं, उकाड्यात कुणी मानेवर ओलं फडकं ठेवावं तसं. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. रूळ मासा दाबतो, दाबला की मांस चपटं होतं, मग तबकडीवरचे साडेतीन आणि माशातले साडेतीन एक कसे राहतील? शहाण्यांना कुणी सांगायचं! चौथ्या दिवशी धाकटी टेबलाशी आली. डोळ्यांखाली काळं आलं होतं. "ताई, जरा मशीनशी येता का? कुठं थांबायचं ते तुम्हीच सांगा."

"का? कॅलिपर कुठं गेला?"

भोंगा फिसकन हसली. धाकटी हसली नाही, चिडलीही नाही. "कॅलिपर आहे. अंगठा नाही," ती म्हणाली, आणि वळून चालू लागली, थोरली मागून येणार हे धरूनच. आणि थोरली गेलीही. याचा राग तिला नंतर किती तरी वेळ येत राहिला.

मिस्त्री एका स्क्रूवर पाना धरून वाकला. मासा घातला, मांस बाहेर आलं, थोरलीनं अंगठा फिरवला. "अजून." स्क्रू पाव आटा फिरला. दुसरा मासा, पुन्हा अंगठा. "अजून." धाकटी शेजारी उभी होती, तिच्या अंगाला साबणाचा वास होता, महागड्या साबणाचा, आणि त्या वासाखाली, फार खाली, लहानपणी तिच्या केसांना यायचा तो वास होता. थोरलीला वाटलं, आपल्याला उगाच भास होतोय. एकच खोली होती तेव्हा, एकच खिडकी, आणि आई याच टेबलावर. बाप कधीच निघून गेला होता. मग आईचे हात फुटले. गार पाण्यानं बोटांना चिरा पडल्या, चिरांत पू धरला, आणि घरातलं कुणीतरी टेबलावर उभं राहणं भाग झालं. थोरली चौदाची होती. सोळाची सांगितली. शाळेची वही तिनं कपाटावर टाकली, त्याच कपाटात धाकटीचा नवा पांढरा फ्रॉक आला. धाकटी नऊ वर्षांची, हुशार, घराचं शेंडेफळ. वर्गात पहिली आली होती, बक्षीस मिळणार होतं, स्टेजवर उभं राहून कविता म्हणायची होती. दिवसभर खोलीत तीच कविता. भांडी घासताना कविता, अंथरुणात कविता. थोरली टेबलावरून यायची, हाताला वास, पायात गोळे, आणि समोर ही हात नाचवत, "ताई, बघ गं, असं म्हणू की असं?" आई चिरांना लावायला मेणाच्या पट्ट्या डब्यात भरून ठेवायची, त्या वितळवून बोटांना चोळायची. पोरींना बजावलेलं होतं, याला तोंड लावायचं नाही. बजावलं होतं ते थोरलीला. धाकटी तेव्हा झोपलेली होती. बक्षिसाच्या दिवशी सकाळी आई कामाला, म्हणजे दुसऱ्यांची धुणी वाळत घालायला, बाहेर गेली आणि थोरलीनं तो डबा उघडला. पट्ट्या तव्यावर टाकल्या. कसा वास सुटला होता! कडा कुरकुरीत, मध्ये लुसलुशीत, पावाच्या तुकड्यावर ठेवून तिनं आपल्या हातानं धाकटीला भरवलं. फ्रॉकला हात लागायला नको म्हणून पोरगी दोन्ही हात पंखांसारखे लांब धरून तोंड उघडायची. "ताई, अजून आहे?" अजून होतं. संध्याकाळी धाकटी दप्तर मागे धरून, भिंतीला घासत घासत घरी आली. बक्षीस हातात नव्हतं. आईनं तिला बाहेरचं अरबट-चरबट खाल्लंस म्हणून दोन रट्टे दिले. फ्रॉक थोरलीनंच धुतला. डाग काही गेला नाही. आणि धाकटी एक शब्द बोलली नाही, त्या दिवशी नाही, पुढं कधीच नाही. तिला काय कळणार होतं! नऊ वर्षांचं पोर.

"ताई?" मिस्त्री म्हणाला. "अजून?"

अंगठ्याखाली ते होतं. साबण हातातून निसटावा तसं किंचित, अगदी किंचित निसरडं. अजून पाव आटा हवा होता. समोर मांस स्वच्छ पांढरं दिसत होतं, आरशासारखं. थोरली म्हणाली, "बस."

तिनं हे करताना सगळा विचार केला होता, म्हणजे असं नंतर ती स्वतःला सांगत राहिली. टेबलाची एक रीत होती, आईच्याही आधीपासूनची. सुरी ज्याची, घास त्याचा. नवी बाई टेबलावर आली की तिनं कापलेल्या पहिल्या माशाचा तुकडा तिनंच खायचा, आणि तो तिला टेबलावरच्या सगळ्यात जुन्या बाईनं भरवायचा. त्या दिवशीचा तिचा माल बाजूला ठेवायचा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचे कपडे स्वच्छ राहिले तरच माल बाहेर. कित्येक नव्या पोरींची अशी फजिती झाली होती, सगळ्या हसल्या होत्या, आणि त्या पोरींचा हात त्यानंतर कधी चुकला नव्हता. मॅनेजरलाही ही चाचणी मान्य होती, प्रयोगशाळेपेक्षा स्वस्त. आता मशीनच्या सुरीची मालकीण कोण? सही जिची, ती. म्हणजे त्रास दुसऱ्या कुणाला नाही, एका माणसाला एक दिवस. तेवढ्यावर मशीन परत जाणार, सहा जणींची चूल पेटती राहणार. यात वाईट काय आहे? सांगा ना. पण हे सगळं झालं हिशेबाचं. पोटातली खरी गोष्ट वेगळीच होती. तिला त्या पांढऱ्या पँटवर डाग बघायचा होता. मॅडमनं मीटिंगमधून उठावं आणि मागच्यांचे चेहरे बघावेत. तिला बहिणीचा इतका राग येत होता की त्या रागानं तिला बरं वाटत होतं, पायांतले गोळेसुद्धा दुखायचे थांबले होते.

दुपारी कॅन्टीनच्या शेगडीवर तुकडा भाजला. सहाही बायका, मिस्त्री, मॅनेजर, सगळे गोल उभे राहिले. धाकटीनं टोपी काढली. तिच्या भांगात पांढरे केस होते, ते थोरलीनं पहिल्यांदाच बघितले. "चला ताई," ती म्हणाली, "रीत म्हणजे रीत," आणि तिनं तोंड उघडलं. हात दोन्ही बाजूंना लांब धरले होते, एप्रनला तेल लागू नये म्हणून. थोरलीचा हात क्षणभर तिथंच अडला. मग तिनं घास भरवला. धाकटीनं एकदा चावलं. थांबली. थोरलीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते थोरलीला वाचता येईना. राग म्हणावा तर राग नव्हता. मग तिनं सावकाश चावून गिळलं. "ताई, अजून आहे?" ती म्हणाली.

सगळे हसले. भोंगा म्हणाली, "अगं, एकच घास असतो, मॅडम!" पण धाकटीनं ताटली पुढं केली होती. थोरलीनं दुसरा घास भरवला, तिसरा भरवला, तुकडा संपेपर्यंत भरवत राहिली. तिची बोटं तेलानं माखली होती. हात धुतले तरी तो निसरडेपणा जाईना. चोराच्या मनात चांदणं, ती स्वतःशी म्हणाली, पोरीला नुसती भूक लागली असेल, चार दिवस धड जेवली नाही. घरी गेल्यावर नवऱ्यानं विचारलं, काय झालं, तर त्याच्या अंगावर खेकसली.

दुसऱ्या दिवशी धाकटी वेळेवर आली. ओठ सुकलेले, चेहरा ओढलेला, आणि खाली काळी पँट. इथं पांढरीशिवाय कुणी घालत नाही. दोन वर्षांत तिनं कधी घातली नव्हती. थोरलीनं ती काळी पँट बघितली आणि तिला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि हातात काहीच आलं नाही. दुपारी मॅनेजर कागद घेऊन आला. पुन्हा सगळे गोळा झाले. "काय मॅडम, तब्येत?"

"ठणठणीत," धाकटी म्हणाली.

थोरलीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"काही त्रास? काही...?" मॅनेजर ओशाळून थांबला.

"काही म्हणजे काही नाही. मशीन पास. मशीनच्या कालच्या चाळीस पेट्या सोडून द्या." तिनं कागद टेबलावर ठेवला, पेन उघडलं. "कुठं चालल्यात त्या? हां, शाळांची ऑर्डर आहे ही. पोरांच्या डब्यांना. आजच पाठवा, उद्या त्यांचा कसला कार्यक्रम आहे म्हणे." आणि पेनाचं टोक कागदावर टेकवून तिनं वर बघितलं, सरळ थोरलीकडे. सही केली नाही. नुसती बघत राहिली. शीतघराचं यंत्र घरघरत होतं. भोंगा काहीतरी पुटपुटली. थोरलीच्या डोळ्यांसमोर पेट्या नव्हत्या, भिंतीला घासत घासत येणारी पोर होती, एक नाही, रांगच्या रांग, सगळ्यांनी दप्तरं मागे धरलेली. खोटं बोलतेय ही. रात्रभर बसली असेल संडासात आणि इथं ठणठणीत म्हणते. हिला लाज नाही का? माझ्या हट्टापायी पोरांना... आणि मग 'माझ्या' या शब्दाशी ती थबकली. बोलावं तर सगळं गेलं, न बोलावं तर चाळीस पेट्या. पेनाची निब कागदावर टेकलेली होती आणि तिथं शाईचा ठिपका मोठा होत चालला होता.

"थांबव," थोरली म्हणाली. "त्या पेट्या पाठवू नका. मेण राहिलंय. पाव आटा कमी आहे."

"तुम्हीच तर बस म्हणालात, ताई," मिस्त्री म्हणाला.

"मला कळत होतं. कळत असून म्हणाले."

धाकटीनं पेन बंद केलं नाही. अगदी हळू आवाजात, जणू खोलीत त्या दोघीच होत्या, तिनं विचारलं, "आणि तेव्हा?"

'तुम्ही' नाही, 'ताई' नाही. थोरलीनं एप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले. छत्तीस वर्षं तिला वाटत होतं की ही गोष्ट फक्त तिच्या एकटीच्या पोटात आहे, आणि ती तर दोघींच्या पोटात होती, तशीच, न पचलेली. "तेव्हाही," ती म्हणाली. "तेव्हाही कळत होतं."

"हं." धाकटीनं मान हलवली. एवढंच. ती रडली असती, ओरडली असती, तर थोरलीनं तिच्या अंगावर धावून जाऊन तिला जवळ तरी घेतलं असतं, नाहीतर झिंज्या तरी धरल्या असत्या. "तेव्हा मला माहीत नव्हतं. काल पहिल्या घासाला कळलं. ती चव मी विसरेन होय?"

"मग खाल्लंस कशाला? थुंकून टाकायचंस!"

"तू भरवत होतीस," धाकटी म्हणाली.

मग ती मॅनेजरकडे वळली, आवाज बदलला, पुन्हा मॅडमचा झाला. त्या चाळीस पेट्या काल संध्याकाळीच परत कापायला काढल्यात, त्यांच्यावरचं लेबल बदललंय, शाळांची ऑर्डर वगैरे काही नाही, काळजी नसावी. दोष मशीनमध्ये नाही. चूक माणसाची आहे, कागदावर तसंच लिहिते. तिनं लिहिलं. सही केली. म्हणजे पास. म्हणजे टेबल गेलं, भोंगा गेली, सगळ्या गेल्या, आणि सहा जणींना वाचवायला निघालेल्या थोरलीनंच स्वतःच्या तोंडानं ते घालवलं होतं, तेही गरज नसताना. भोंगानं तिच्याकडे असं बघितलं की भर बाजारात कुणी थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं. "बाई गं," भोंगा म्हणाली, "काय बिघडवलं होतं आम्ही तुझं?" धाकटी तोवर दारापर्यंत गेली होती, जरा घाईनं, एक हात मागच्या बाजूला धरून, आणि मग संडासाच्या दिशेनं वळली.

मिस्त्रीनं मशीन चालू केलं. काय करावं ते न सुचून थोरली तिथंच उभी राहिली. पट्ट्यावरून एक म्हातारी आत गेली आणि तिकडून तिचं मांस बाहेर आलं, पांढरं, थंड. अंगठा आपला आपण पुढं झाला. तिनं तो डोक्यापासून शेपटीपर्यंत फिरवला, उलटा फिरवला, पुन्हा फिरवला. कुठंही निसरडं नव्हतं. मांसही वाया गेलं नव्हतं. तिच्या हातानं निघालं असतं तसंच निघालं होतं, अगदी तेवढंच.

"हे कुणी बसवलं?" तिनं विचारलं.

"मॅडमनी," मिस्त्री म्हणाला. "काल तुम्ही घरी गेल्यावर. हातमोजा काढला आणि अंगठ्यानं बघत बघत बसवलं. जरा बाजूला होता का, ताई? पेटी ठेवायचीय."

थोरली बाजूला झाली.